अनुताप कोणासमोर? 'उत्तररामचरित' आणि क्षमेचे नाट्य

रंगभूमीवर अपराध दाखवणे सोपे, अनुताप दाखवणे अवघड. अपराध ही घडणारी गोष्ट असते. कोणी कोणाला हाकलून देतो, नाकारतो, मारतो, आणि प्रेक्षक ते डोळ्यांनी पाहतात. अनुताप आत चालतो. नटाला अश्रू, मूर्च्छा आणि स्वतःला दिलेली दूषणे लगेच साधतात, पण तेवढ्याने पात्र पहिल्या अंकात होते त्याहून वेगळे झाले असे होत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील 33 व्यभिचारी भावांत अनुतापाला स्वतंत्र स्थान नाही. तो व्रीडा, विषाद, दैन्य, चिंता, स्मृती अशा अनेक भावांच्या मिश्रणातून उभा करावा लागतो. क्षमेचीही तीच गत. म्हणून या दोन गोष्टींतून माणूस कसा वाढतो हे दाखवण्यासाठी नाटककाराला भावापेक्षा रचनेचा आधार घ्यावा लागतो. अपराध्याने कोणापुढे उभे राहायचे, काय ऐकायचे, कोणत्या क्रमाने ऐकायचे, आणि क्षमा करणाऱ्याला त्या आधी काय कळलेले असले पाहिजे, हे सगळे त्याला प्रसंगांच्या मांडणीतून ठरवावे लागते.

संस्कृत नाटकात हा प्रश्न दोन मोठ्या कवींनी दोन वेगळ्या रीतींनी सोडवला. कालिदासाने 'अभिज्ञानशाकुंतला'त आणि भवभूतीने 'उत्तररामचरिता'त. दोन्ही नाटके सात अंकांची आहेत. दोन्हींत राजा आपल्या गर्भवती पत्नीला दूर करतो, दोन्हींत मुलगा बापाला न ओळखता आधी भेटतो आणि पतिपत्नींचे मीलन शेवटी होते. इतके साम्य असूनही दोन्ही नाटकांची नैतिक घडण पुष्कळ वेगळी आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला आठवत असते. लोकापवादाच्या भीतीने तो तिची ओळख नाकारतो. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. पाचव्या अंकातला राजा खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच काही आठवत नाही. या बदलाने नायक वाचला, पण अपराधाची धारही थोडी कमी झाली. असे असूनही कालिदासाने सहाव्या अंकात अनुताप नुसता विलापात संपू दिला नाही. कोळ्याकडून अंगठी परत आल्यावर राजा वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचे चित्र काढतो, त्या चित्रातल्या भ्रमरावर रागावतो. हा सगळा शोक अजून स्वतःभोवती फिरणारा आहे. मग धनमित्र नावाच्या व्यापाऱ्याचे प्रकरण येते. तो समुद्रात बुडून मेला आहे, त्याला मूल नाही, आणि रिवाजाप्रमाणे त्याची संपत्ती राजाकडे जायची आहे. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गर्भवती आहे का? एकीचे नुकतेच पुंसवन झाल्याचे कळते. पोटातल्या मुलाचा बापाच्या धनावर हक्क आहे, असा निर्णय राजा देतो. ज्याने भर दरबारात आपल्या गर्भवती पत्नीला नाकारले, त्याच्याच तोंडून हा निवाडा यावा, ही कालिदासाची योजना विलक्षण आहे. पुढे तो दवंडी पिटवतो की प्रजेपैकी ज्याचा जो आप्त गेला असेल, त्या आप्ताच्या जागी, पापाचा संबंध वगळता, दुष्यंताला समजावे. अनुताप इथे पहिल्यांदा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

सातव्या अंकात राजा शकुंतलेच्या पायांवर डोके ठेवतो. शापाची हकिकत तिला अजून ठाऊक नाही. मारीच ऋषी ती नंतर सांगतात. म्हणजे हा माणूस निर्दोष होता हे कळण्याआधीच ती त्याला उठवते आणि दोष आपल्या पूर्वकर्माला देते. पण ती काही विसरलेली नाही. राजा अंगठी तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा ती म्हणते की या अंगठीवर आपला विश्वास नाही, आपणच ती ठेवा. क्षमा केली तरी सगळे पहिल्यासारखे होत नाही, हे कालिदासाने या एका लहानशा नकारातून सांगितले. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही कथा मराठी प्रेक्षकांच्या कानात बसली आहे.

भवभूतीने मात्र शापाची सोय घेतली नाही. त्याचा काळ सामान्यतः आठव्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो. स्वतःच्या घराण्याचे गाव म्हणून त्याने पद्मपूर सांगितले आहे. ते विदर्भात, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळ होते, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. एकोणिसाव्या शतकात परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी हे नाटक मराठीत आणले. नाटकाचा गाभा असलेला तिसरा अंक जनस्थानात, पंचवटीच्या परिसरात, गोदावरीच्या आसमंतात घडतो. नाशिककरांना ती नावे रोजच्या बोलण्यातली आहेत.

रामाचा अपराध दुष्यंताच्या अपराधाहून कठीण आहे, कारण तो डोळे उघडे ठेवून केलेला आहे. सीता निष्कलंक आहे हे त्याला पक्के माहीत आहे. अग्निशुद्धी झालेली आहे. पहिल्या अंकात अष्टावक्र वसिष्ठांचा निरोप घेऊन येतात की प्रजेला संतुष्ट ठेव. राम सहज उत्तर देतो की लोकाराधनासाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीलाही सोडताना आपल्याला व्यथा होणार नाही. सीता शेजारीच बसलेली आहे आणि त्या उत्तराचे तिला कौतुकच वाटते. पुढे लक्ष्मण वनवासाच्या प्रसंगांची चित्रे दाखवतो, जुने दुःख दोघे पुन्हा अनुभवतात, आणि थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपते. त्याच वेळी दुर्मुख हा हेर लोकापवादाची बातमी आणतो. राम झोपलेल्या सीतेच्या डोक्याखालून हात काढून घेतो, तिची पावले आपल्या मस्तकाला लावतो, स्वतःला चांडाळ म्हणतो, आणि तरीही तिला वनात पाठवतो. अनुताप अपराधाच्या क्षणीच हजर आहे, आणि त्याने अपराध थांबत नाही. नुसत्या हळहळीचा नैतिक भाव किती कमी असतो, हे भवभूतीने पहिल्याच अंकात दाखवून ठेवले आहे.

दुसऱ्या अंकापर्यंत बारा वर्षे लोटतात. राम राज्य करतो, अश्वमेध मांडतो, आणि यज्ञात पत्नीच्या जागी सीतेची सोन्याची प्रतिमा बसवतो. त्याचे दुःख वरून दिसत नाही. मुरला नदी त्याची तुलना पुटपाकाशी करते, म्हणजे तोंड लिंपलेल्या भांड्यात आतल्या आत शिजणाऱ्या औषधाशी. बारा वर्षे त्याला जाब विचारणारे कोणी समोर आलेले नाही. सीतेची बाजू मांडणारा एकही आवाज त्याच्या कानी पडलेला नाही.

तिसऱ्या अंकात असा आवाज येतो. या अंकाला छायांक म्हणतात. कुश-लवांचा बारावा वाढदिवस आहे. भागीरथीने सीतेला स्वहस्ते फुले तोडून सूर्याची पूजा करायला पाठवले आहे आणि वनदेवतांनाही दिसणार नाही असा वर दिला आहे. तमसा नदी सोबत आहे. त्याच दिवशी राम पुष्पक विमानातून पंचवटीत उतरतो. सीता त्याला पाहते, ऐकते, मूर्च्छित झाल्यावर स्पर्शाने शुद्धीवरही आणते. रामाला ती दिसत नाही, वासंती या तिच्या सखीलाही दिसत नाही. प्रेक्षकांना मात्र तिघेही दिसतात.

या रचनेचे महत्त्व बारकाईने पाहण्यासारखे आहे. सीता समोर दिसत असती तर रामाने क्षमा मागितली असती, आणि मग ती मागणी उत्तराची वाट पाहत उभी राहिली असती. क्षमा मागण्यातही एक दडपण असते. समोरच्याने ती दिली नाही तर तो कठोर ठरतो. अदृश्य असल्याने सीता त्या दडपणातून सुटते. तिला काही बोलायचे नाही, ठरवायचे नाही, फक्त ऐकायचे आहे. आणि राम जे बोलतो ते तिला ऐकवण्यासाठी बोलत नाही. म्हणून त्याच्या शब्दांवर ती विश्वास ठेवू शकते. अपराध्याचा अनुताप खरा आहे की नाही, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कळण्याची याहून चांगली रीत रंगभूमीवर क्वचितच कोणाला सुचली असेल.

ऐकता ऐकता सीता बदलते. रामाने तिला उद्देशून काढलेला पहिला आक्रोश कानी पडतो तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया रागाची आहे. जे घडले त्याच्याशी हे बोलणे जुळत नाही, असे ती म्हणते. लगेच दुसऱ्या श्वासात तिला वाटते की या माणसाचे हृदय आपण जाणतो आणि आपले तो. तमसा तिच्या मनाची अवस्था एकेक धागा सुटा करून सांगते. मीलनाची आशा सुटल्याने ते मन तटस्थ आहे, अन्यायाने कलुषित आहे, दीर्घ वियोगात अचानक घडलेल्या भेटीने सुन्न आहे, त्याच्या सौजन्याने प्रसन्न आहे, त्याच्या दुःखाने करुण आहे आणि प्रेमाने विरघळते आहे, हे सारे एकाच क्षणी. क्षमा म्हणजे राग जाऊन प्रेम येणे, अशी सोपी कल्पना भवभूतीने ठेवलेली नाही. कलुषितपणा आणि करुणा शेजारी शेजारी राहतात.

रामाला जाब विचारण्याचे काम वासंतीकडे आहे. ती त्याला 'महाराज' म्हणून हाक मारते आणि लक्ष्मणाची खुशाली विचारते. रामाच्या ध्यानात येते की या संबोधनात जिव्हाळा नाही, आणि एकट्या लक्ष्मणाची विचारपूस करणारीला सीतेचे सगळे ठाऊक असले पाहिजे. मग वासंती थेट बोलते. तुम्हाला कीर्ती प्रिय होती, पण यापेक्षा भयंकर अपकीर्ती कोणती? वनात तिचे काय झाले असेल, याचा विचार तुम्ही केला का? रामाला तोंडाने सांगावे लागते की श्वापदांनी तिला खाल्ले असणार. बारा वर्षांत हे वाक्य त्याने कोणापुढे उच्चारलेले दिसत नाही. अनुतापाला वस्तुस्थितीची जोड इथे मिळते. पहिल्या अंकात त्याने स्वतःला चांडाळ म्हटले होते, ते सामान्य दूषण होते. आता तो एका विशिष्ट स्त्रीचे आपल्यामुळे काय झाले असेल ते सांगतो. मधूनच तो पौरजनांनाही उद्देशून बोलतो, तुमच्या समाधानासाठी तिला गवतासारखी टाकली, आज मला रडू द्या, अशा अर्थाचे. दोष अजूनही थोडा लोकांकडे सरकवलेला आहे. राम इथे पूर्ण वाढलेला नाही, वाढू लागला आहे.

या सगळ्या वेळात सीता वासंतीवर नाराज आहे. तूच कठोर झालीस, असे ती तिला, ऐकू जाणार नाही हे जाणून, म्हणते. नाटकातला हा फार सूक्ष्म धागा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अपराध्याचा छळ पाहवत नाही, पण तो छळ झाल्याशिवाय अपराध्याला सत्य बोलताही येत नाही. अंकाच्या शेवटाकडे राम सांगतो की अश्वमेधात त्याची सहधर्मचारिणी आहे. सीतेचे काळीज हलते. ती सोन्याची सीताच आहे, हे पुढच्या शब्दांत कळते, आणि सीता म्हणते की परित्यागाच्या लज्जेचे शल्य आज उपटून निघाले. हे शल्य वियोगाच्या दुःखाहून वेगळे आहे. आपल्याला नाकारले गेले, ही लाज तिने बारा वर्षे वागवली होती. रामाने तिची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही, या एका गोष्टीने ती निघते. क्षमेचा निर्णायक क्षण इथेच आहे, आणि रामाला त्याची खबरही नाही.

म्हणजे खाजगी क्षमा तिसऱ्या अंकात पुरी होते. तरी नाटकाचे चार अंक उरतात, कारण अपराध खाजगी नव्हता. राजाने प्रजेच्या नावाने तो केला होता, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी अजून क्षमा केलेली नाही. वसिष्ठपत्नी अरुंधतीने सून नसलेल्या अयोध्येत पाऊल ठेवायला नकार दिला आहे, राममातांनी तिला दुजोरा दिला आहे, आणि म्हणून सगळे वाल्मीकींच्या आश्रमात आले आहेत. चौथ्या अंकात जनक तिथे कौसल्येला भेटतो. तो तिची खुशाली प्रजापालकाची आई म्हणून विचारतो. एवढ्या एका उल्लेखात मुलीच्या बापाचा सगळा संताप आहे. पाचव्या अंकात लव रामाच्या पराक्रमांची, ताटकावध आणि वालीवध यांची, बेधडक टर उडवतो. सीतेने मनोमन सोडून दिलेला हिशेब तिचे आप्त आणि तिचा मुलगा सोडत नाहीत. भवभूतीला हे योग्य वाटते, असे या अंकांच्या गांभीर्यावरून दिसते. क्षमा करण्याचा अधिकार सीतेचा आहे, पण तिच्या क्षमेने इतरांचा राग बेकायदा ठरत नाही.

सातव्या अंकात गंगेच्या काठी नाटकातले नाटक होते. कृती वाल्मीकींची, प्रयोग भरतमुनींचा, भूमिका अप्सरांच्या. देव, माणसे, पौरजन सारे प्रेक्षक आहेत आणि त्यांत राम आहे. त्याने सीतेला टाकल्यावर काय झाले, ते त्याच्यापुढे घडते. सीता गंगेत उडी घेते, जुळी मुले होतात, पृथ्वी आणि गंगा तिला सावरतात. पृथ्वी रामाला दोष देताना त्याने काय काय मानले नाही याची मोजदाद करते. लहानपणी धरलेला हात, ती स्वतः, जनक, अग्नी, सीतेची निष्ठा, पोटातले मूल. राम ओरडून उठतो, लक्ष्मण त्याला आठवण देतो की हे नाटक आहे. तिसऱ्या अंकात सीतेने रामाचे दुःख अदृश्यपणे पाहिले. इथे राम सीतेचे दुःख प्रेक्षक म्हणून पाहतो आणि हस्तक्षेप करू शकत नाही. दोघांनाही एकमेकांचा काळ पाहायला मिळाला, आणि दोघांनाही तो पाहताना काही बोलता आले नाही. ही जुळणी पूर्ण झाल्यावरच खरी सीता पाण्यातून वर येते.

आणि मग अरुंधती पौरजनांकडे वळते. गंगा आणि पृथ्वी यांनी जिची ग्वाही दिली, अग्नीने जिची शुद्धी सांगितली, तिच्या स्वीकाराबद्दल तुमचे काय म्हणणे आहे, असे ती उघड विचारते. लोक सीतेला नमस्कार करतात. ज्यांच्या बोलण्यावरून ती गेली, त्यांना मान खाली घालावी लागते. त्यानंतरच अरुंधती रामाला सोन्याच्या प्रतिमेच्या जागी खरी पत्नी घ्यायला सांगते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता पृथ्वीत जाते. भवभूतीने तो शेवट बदलला, पण केवळ सुखान्त हवा म्हणून नव्हे. त्याने मीलनाची किंमत आधी वसूल केली. रामाची पुन्हा स्थापना होण्यापूर्वी त्याला सर्वांसमोर बसून आपल्या अपराधाचा संपूर्ण वृत्तांत ऐकावा लागला. तरीही सीता शेवटी मनाशी विचारते की आपले दुःख पुसणे आर्यपुत्रांना जमते का. तो प्रश्न नाटकाने तसाच ठेवला आहे.

या नैतिक दृष्टीला एक मर्यादा आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या अंकात राम शंबूकाचा वध करतो, तो तपश्चर्या करणारा शूद्र आहे एवढ्याच कारणावरून. तलवार उचलण्याआधी राम स्वतःच्या उजव्या हाताला विचारतो की गर्भभाराने थकलेल्या सीतेला वनात पाठवणारा तू, तुला दया कुठली? अनुताप इथे शब्दांत आहे, आणि हात तरीही चालतो. शंबूकाला लगेच दिव्य रूप मिळते, तो रामाचे आभार मानतो आणि त्याला वाट दाखवतो. मेलेल्याच्या बाजूने बोलणारी वासंती नाही, पृथ्वी नाही, सातव्या अंकातला कोणी साक्षीदार नाही. सीतेसाठी इतका कसून उभा केलेला न्याय शंबूकासाठी नाटकाच्या मनातही येत नाही. भवभूतीच्या रामाची वाढ जिथे थांबते ती ही जागा आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ती खुपावी, हेच रास्त.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे या परंपरेतले नव्हे, पण तिच्याजवळ ठेवून पाहावे असे नाटक. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरांत पोचली. सुधाकर हा बुद्धिमान वकील, मानी माणूस. न्यायालयात झालेल्या अपमानाने खचतो, तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. त्याला अनुताप होत नाही असे नाही. तो दारू सोडण्याची शपथ घेतो, कामाच्या शोधात हिंडतो, ओळखीच्यांकडून अवहेलना होते आणि तो पुन्हा पितो. त्याची पत्नी सिंधू दळणे दळून घर चालवते. माहेर मोकळे असताना जात नाही. प्रत्येक वेळी ती त्याला क्षमा करते.

फरक क्षमेच्या प्रमाणात नाही, तिच्या जागेत आहे. सीतेची क्षमा रामाला कळत नाही, त्यामुळे त्याला जाब चुकत नाही. सिंधूची क्षमा सुधाकराला आधीच ठाऊक असते, प्याला उचलतानाही. मित्र रामलाल बोलतो, समजावतो, पण घरात जिच्या शब्दाला वजन आहे ती तक्रारीचा एक शब्द काढत नाही. त्यामुळे सुधाकराचा अनुताप पुन्हा पुन्हा जळतो आणि पुन्हा पुन्हा विझतो, त्याला धरायला काही मिळत नाही. शेवटी नशेच्या भरात त्याच्या हातून मूल जाते आणि सिंधू मरणाच्या दारी पोचते. पोलीस चौकशीला येतात तेव्हा ती जखमेचा दोष स्वतःच्या पडण्यावर टाकते. पतीला वाचवण्यासाठी दिलेली ही जबानी त्या काळच्या प्रेक्षकांना पातिव्रत्याची परिसीमा वाटली. नाट्यदृष्टीने पाहिले तर तिने सुधाकराचा शेवटचा साक्षीदारही काढून घेतला. गुन्हा कबूल करायला त्याला आता न्यायासन उरले नाही, पृथ्वीसारखी मोजदाद करणारी कोणी उरली नाही, आणि विष घातलेला प्याला घेऊन स्वतःच स्वतःला शिक्षा देण्यावाचून त्या अनुतापाला दुसरी वाट राहिली नाही. सुधाकर मरतो तो तीव्र अनुतापात, पण पहिल्या अंकातल्या मानी वकिलाहून वेगळा माणूस होऊन नव्हे.